ड्रीम चेझर हे अंतराळयान विमानासारखं धावपट्टीवर उतरतं, तरी नासाने अंतराळवीरांसाठी ते का घेतलं नाही?

घेतलं नाही हे खरं, पण यान मोडीत निघालेलं नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये अंतराळवीर नेण्याचं काम बोइंग आणि स्पेसएक्सला गेलं. सिएरा नेवाडा कंपनीच्या ड्रीम चेझरचा आराखडा त्यांच्या मानाने कच्चा आणि जास्त वेळ खाणारा ठरला. २०१६ मध्ये त्याच यानाला अंतराळ स्थानकावर सामान पोचवायचं काम मिळालं. माणसं नेण्याचा बेत कंपनीने सोडलेला नाही, मागे पडलाय एवढंच.

मला ते आवडतं ते उतरण्यामुळे. रशियाच्या सोयूझ यानाच्या कुपीतून परतताना अंगावर वजनाच्या साधारण चौपट भार येतो, इथे दीडपटीच्या आत. जखमी किंवा आजारी माणसाला आणायचं तर हा फरक फार मोठा आहे. आणि उतरायचं कसं, तर आमच्या कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला, मुंबईचं विमान टेकतं तसं!

शाहूपुरीत मुलांना शिकवताना मी त्याचं थर्माकोलचं मॉडेल करून गच्चीवरून सोडलं. पोट सपाट, पंख आखूड, तरी तरंगत पार समोरच्या नारळापर्यंत गेलं. नुसतं पंखच नाही, पोटसुद्धा उचल देतं, हे पोरांना तिथेच कळलं.

२०१३ च्या चाचणीत डावं चाक उघडलं नाही आणि यान धावपट्टीवरून घसरलं. २०१७ ला मात्र नीट उतरलं.