मूलपेशी प्लेटला चिकटत नाहीत: आधी पार्सलची चौकशी करा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुंबईतल्या विद्यापीठाची लॅब, उंदराच्या पायातून काढलेल्या स्नायूंच्या मूलपेशी प्लेटला चिकटत नाहीत, तिसऱ्या दिवशी सगळीकडे फायब्रोब्लास्टच (जोडऊतीच्या, इथे नको असलेल्या पेशी), आणि मॅडम म्हणतात तुमचा हात अजून बसलेला नाही. आमच्या लॅबमध्ये हे असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कोलॅजिनेज, डिस्पेज (स्नायूतून पेशी सुट्या करणारी एन्झाइमं), गाळणं हे तुम्ही नीट करत असणारच, त्यात शिरत नाही. मला एवढंच विचारायचंय की तुमची मॅट्रिजेलची (पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटला ज्याचं कोटिंग देतात त्या जेलची) बाटली लॅबच्या फ्रीझरमध्ये यायच्या आधी कुठे पडून होती? ते १० अंशांच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं. वाटेत एकदा गरम होऊन पुन्हा गोठवलेलं असलं तर गोठलेली बाटली बघून काहीच कळत नाही. फ्रिजमध्ये रात्रभर वितळवल्यावर पिपेटच्या गार टिपमध्ये गुठळ्या अडकतात का ते बघा. अशा मालाचं कोटिंग एकसारखं बसत नाही. मूलपेशी नुसत्या प्लास्टिकवर नीट धरत नाहीत, फायब्रोब्लास्ट मात्र पटकन धरतात. प्री-प्लेटिंग, म्हणजे पेशी आधी साध्या प्लेटवर टाकून फायब्रोब्लास्ट वेगळे काढणं, चालतं ते याच फरकावर. तुमच्या प्लेटमध्ये नेमकं तेच दिसतंय असं मला वाटतं.

आमची मॅट्रिजेलची पेटी सहार विमानतळाच्या कार्गोतून सुटून शुक्रवारी दुपारी संस्थेच्या आवारात पोचली होती, अगदी वेळेत. तिथल्या एका कार्यालयाने, नाव घेत नाही, बिलाची मूळ प्रत नाही म्हणून आवक क्रमांक टाकला नाही, आणि क्रमांक नाही म्हणून पेटी हलू दिली नाही. सोमवारी सुट्टी. उणे ७८ अंशांचा ड्राय आइस तोवर पूर्ण उडून गेला. तो वितळत नाही, थेट वायू होतो, त्यामुळे पाण्याचा थेंबही मागे राहत नाही. पेटी आतून कोरडी, स्वच्छ. त्यावर 'माल सुस्थितीत' असा शेरा मारून ती आम्हाला दिली! त्याच पेटीत मानवी मायोब्लास्टच्या (स्नायू बनवणाऱ्या पेशींच्या) कुप्याही होत्या. डीएमएसओमध्ये (गोठवताना पेशींना वाचवणारं, पण वितळल्यावर त्यांना मारक ठरणारं द्रव्य) गोठवलेल्या पेशी वितळून तशाच पडून राहिल्या तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

त्या शेऱ्यावर विश्वास ठेवून सगळी लॅब पुढे बराच काळ एकमेकांच्या हातांवर संशय घेत बसली. सिनियरचा थिसिस लांबला. सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती सहा महिन्यांच्या करारावरच्या प्रोजेक्ट असिस्टंटने, कारण कोटिंग तो करायचा. कारण कळेपर्यंत तो सोडून गेला होता. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: लॅबच्या सदस्यांच्या यादीत पीआय (लॅबप्रमुख), पोस्टडॉक, पीएचडीवाले असतात, तसं 'थंड पार्सल कोणाचं' हे नावही भिंतीवर लागलं पाहिजे. दर महिन्याला पाळी बदलायची, पोस्टडॉकनेही घ्यायची. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आधीच देऊन ठेवायचं की माल आधी फ्रीझरमध्ये जाईल, कागद मागाहून. खरेदीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, तेव्हा पत्राचा मसुदा तुमच्या अकाउंट्सला दाखवून घ्या. ऑर्डरवर लिहून द्या की पार्सल सोमवार-मंगळवारी मुंबईत उतरेल असंच पाठवा, आणि गणपतीचा आठवडा टाळा.

तपासणी कशी करायची? इथे बरेच जण सी२सी१२ (उंदराच्या मायोब्लास्टची तयार पेशी-लाइन) लावून बघायला सांगतील. १९७७ च्या सी२ लाइनपासून निघालेली ही लाइन फार उपयोगी आहे, पण ती साध्या प्लास्टिकवरही चिकटते, त्यामुळे कोटिंगचा दोष तिच्यात दिसणारच नाही. त्यापेक्षा एकाच उंदराच्या पेशी तीन ठिकाणी टाका: आत्ताचं मॅट्रिजेल, शेजारच्या लॅबकडून मागून आणलेलं वेगळ्या लॉटचं, आणि कोलॅजेन. दुसऱ्या दिवशी पॅक्स७चा (स्नायूंच्या मूलपेशी ओळखायच्या प्रथिनाचा) रंग देऊन मोजा. जाता जाता, बीएफजीएफ (पेशी वाढवण्यासाठी घालायचं प्रथिन) ३७ अंशांवर फार टिकत नाही, दिवसाआड घालत असाल तर रोज घाला. पेशी वाढत नाहीत याचं तेही एक कारण असू शकतं, पण न चिकटण्याचं नाही.

मी तुमची प्लेट पाहिलेली नाही, एन्झाइमचा लॉटही खराब असू शकतो. तसं असेल तर तिन्हीकडे सारखाच गोंधळ दिसेल. निकाल आला की मॅडमकडे एकट्या जाऊ नका, सिनियरला बरोबर घ्या, आणि पार्सल आवारात कधी आलं, लॅबच्या हातात कधी पडलं या दोन्ही तारखा कागदावर न्या. तिन्ही प्लेटांचे फोटो इथे टाकलेत तर कोटिंग बघून सांगते.