जुन्या वेबसाइटवर गाणी मिडी फाइलमध्येच का असायची?

मुख्य कारण मोडेमचा, म्हणजे फोनलाइनवरून इंटरनेट जोडणाऱ्या यंत्राचा, वेग. सीडीच्या दर्जाची मिनिटभराची वेव्ह फाइल (थेट ध्वनिमुद्रण) साधारण १० एमबीची, २८.८ केबीपीएसच्या (सेकंदाला इतके किलोबिट) मोडेमवर ती उतरवायला पाऊण तासाहून जास्त लागायचा. मिडीत मुळात आवाज नसतोच. कोणता सूर, कोणत्या वाद्यावर, किती वेळ, एवढ्याच सूचना. म्हणून अख्खं गाणं काही केबींत मावतं. वाजवायचं तुमच्या साउंड कार्डानं. नागपुरात बर्डीवरच्या सायबर कॅफेत आम्ही हे कानांनी अनुभवलंय: त्याच पानावरची बासरी एका मशीनवर गोड, शेजारच्या मशीनवर थेट पिपाणी!

माणसाचा गळा मात्र मिडीत येत नाही. त्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची एयू ही ध्वनिमुद्रणाची फाइल होती आणि १९९५ पासून रिअलऑडिओ, जे पूर्ण उतरायच्या आधीच वाजायला लागायचं. मला तर तोच खरा चमत्कार वाटतो.