वाचकांचे प्रश्न : तोरं, खाजन आणि कांद्याची साल

या वेळच्या चारही पत्रांचं मूळ एकच आहे, परासरण. पेशीच्या पटलातून पाणी ये-जा करू शकतं. मीठ-साखरेला मात्र तशी मोकळीक नसते. त्यामुळे जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं.

कांद्याच्या सालीवर 5 टक्के साखरेचं पाणी घातलं, दहा मिनिटं थांबले, तरी रससंकोच (पाणी गेल्यानं पेशीचा आतला भाग आकसणं) दिसला नाही. मैत्रिणीला 5 टक्के मिठात लगेच दिसला. असं का? (विद्यार्थिनी, म्हापसा)

टक्के वजनाचे, पण परासरणात हिशेब कणांच्या संख्येचा. साखरेचा रेणू मिठाच्या जवळजवळ 6 पट जड. शिवाय मीठ पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असं सुटं होतं. म्हणजे तेवढ्याच वजनात मिठाचे कण सुमारे 12 पट. तुझं साखरपाणी कांद्याच्या पेशीरसापेक्षा पातळच राहिलं, मग पेशीतलं पाणी बाहेर येणार कशाला? साखरच वापरायची तर 20 ग्रॅम घे आणि पाणी घालून एकूण 100 मिलि कर. इस्पितळातलं सलाइन 0.9 टक्के आणि ग्लुकोजची बाटली 5 टक्के असते, तीही याच हिशेबानं; रक्ताच्या दृष्टीनं दोन्ही जवळपास सारखीच.

साल लाल कांद्याची घे, पाकळीच्या बाहेरच्या अंगाची. आतली साल बिनरंगाची असते, तिच्यात आकसलेला भाग नजरेस पडत नाही. अर्ध्या सेंटिमीटरचा चौकोन ब्लेडनं आखून चिमट्यानं सोल, आधी साध्या पाण्यात बघ. मग काचपट्टी न हलवता झाकणकाचेच्या एका कडेला द्रावणाचा थेंब सोड आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लाव. दोन ते पाच मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटून मध्ये गोळा होतो. भित्तिका (पेशीची बाहेरची भिंत) आणि आकसलेलं पटल यांच्यात पोकळी असते, असं बरेच जण लिहितात. ते चूक. तिथे बाहेरचं द्रावणच शिरलेलं असतं, कारण भित्तिका त्याला अडवत नाही. फाटलेल्या कडेच्या पेशी मेलेल्या असतात. त्यांच्यात काहीच घडत नाही, तेव्हा मधल्या बघ.

साध्या पाण्यात कांद्याची पेशी फुगते, पण भित्तिका तिला आवरून धरते. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट झाला तरी ती फुटत नाही. तांबड्या रक्तपेशीला असा आधार नाही. मिठाचं प्रमाण 0.5 टक्क्याच्या आसपास उतरलं की त्या फुटू लागतात.

चेपणीच्या तोरांना (मिठात मुरवायला घातलेल्या कच्च्या कैऱ्यांना) सुरकुत्या पडल्या, वर तरंगणाऱ्यांवर पांढरा बुरा आला. पाणी घालावं का? (डिचोली)

साधं पाणी मुळीच नको. सुरकुत्या पडणारच, तोरातलं पाणी मिठानं ओढलं याचीच ती खूण. किलोभर तोरांना पाव किलो जाडं मीठ पुरतं. सुटलेल्या पाण्यात तोरं बुडत नसतील, तर लिटरभर पाण्यात 200 ग्रॅम मीठ उकळून, पूर्ण गार करून ओता आणि वर धुतलेला सपाट दगड ठेवा. मिठाच्या पाण्याखाली बुरशीच्या पेशीतलंही पाणी ओढलं जातं. वर डोकावणाऱ्या तोराला हवा मिळते, आणि मिठाचा वचक तिथे कमी पडतो. बुरा आलेली तोरं टाका, नुसतं पुसून परत घालू नका. काढताना आपटलेलं किंवा पिकायला लागलेलं तोर आधीच बाजूला करावं. तेच पहिलं लिबलिबतं.

काही दिवसांनी तोराच्या पेशी मरतात, पटलं निकामी होतात आणि तेव्हाच मीठ गाभ्यापर्यंत पोचतं. म्हणून खाताना तोर पाण्यात ठेवलं तर खारटपणा उतरतो, पण ताजेपणाचा कडकपणा परत येत नाही. कोमेजलेली कोथिंबीर पाण्यात उभी राहते, कारण तिच्या पेशी जिवंत असतात.

बांध फुटून खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतात) खारं पाणी आलं. मुळं पाण्यात असूनही भाताची पाती शेंड्याकडून करपताहेत. (चोडण)

मुळाबाहेरचं पाणी मुळातल्या रसाहून खारट झालं, की मुळाला पाणी ओढणं जड जातं. पीक पाण्यात उभं राहून तहानेलं राहतं. पुढे सोडियम-क्लोराइड जुन्या पात्यांत साठतात आणि शेंडे करपतात. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता 3 डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या वर गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं; ढोबळ मानानं लिटरला 2 ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात 35 ग्रॅम असतं.

आधी बांध बुजवा. ओहोटीला मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची) दारं उघडून शेतातलं पाणी काढा, भरतीआधी बंद करा. मग पावसाचं पाणी दोन दिवस साठवून पुन्हा सोडा, असं दोन-तीनदा. मधे शेत सुकू देऊ नका, खालचं मीठ वर चढतं. युरियाची घाई तर नकोच. विरघळलेल्या खतानंही मुळाबाहेरचे कण वाढतात. फेरलावणी करायची तर महिन्याभराची जून रोपं घ्या, कोवळी टिकत नाहीत. बियाणं खारं पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताचं, नाहीतर कोरगुटमधूनच निवडलेलं गोवा धान 1 किंवा 2.

जुलाबात घरच्या साखर-मिठाच्या पाण्यात मीठ जरा जास्त घातलं तर लवकर फरक पडेल? (काणकोण)

उलट होईल. आतड्यातलं द्रावण रक्ताहून तीव्र झालं, की पाणी शरीरातून आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात साखर 6 सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा, शीग न लावलेला. साखर चवीपुरती नाही. ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम आतड्याच्या पेशीत शिरतं आणि त्यामागून पाणी. जलसंजीवनीचं (ओआरएसचं) तयार पाकीट वापरत असाल तर त्यावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. लिटरचं पाकीट पेल्याभर पाण्यात कालवू नका.