नव्या ट्रकचालकाने डॅशकॅम बसवावा का?

प्रश्न : अवजड वाहन चालवण्याचा परवाना मिळून मला चार महिने झाले आहेत आणि पुढील महिन्यापासून मी लांब पल्ल्याच्या फेऱ्या एकट्याने करणार आहे. गाडीत स्वखर्चाने डॅशकॅम, म्हणजे समोरच्या रस्त्याचे सतत चित्रण करणारा छोटा कॅमेरा, बसवावा असे मला वाटते. परंतु ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणतात, की नवशिक्याच्या हातून चुका होणारच आणि कॅमेरा बसवणे म्हणजे त्या चुकांचा पुरावा आपणच तयार करून ठेवणे आहे. आपले मत काय?

उत्तर : बसवावा, आणि एकट्याच्या पहिल्या फेरीआधीच बसवावा. आपल्या उस्तादांचे म्हणणे खोटे नाही. कॅमेरा कोणाचीही बाजू घेत नाही आणि चूक आपली असेल तर तीही तितकीच स्वच्छ दिसते. मात्र अपघातानंतर काय घडते हेही ध्यानात घ्यावे. मोटार आणि ट्रक यांची टक्कर झाली, की पाहणाऱ्यांचा पहिला संशय मोठ्या गाडीवर जातो, आणि त्यातही चालक नवा आहे असे कळले, की त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा क्वचितच भेटतो. ज्याने वीस वर्षे बिनअपघात गाडी चालवली आहे त्याच्या शब्दाला मालकाकडे आणि विमा कंपनीकडे काही वजन असते. आपल्या शब्दाला ते वजन यायला वेळ लागेल, आणि तोपर्यंत चित्रणाइतका भरवशाचा साक्षीदार आपल्याला मिळणार नाही.

तरीही पुराव्यापेक्षा मला डॅशकॅमचे महत्त्व वाटते ते शिकण्यासाठी. नव्या चालकांना शिकवताना मी त्यांना आठवड्यातून एकदा स्वतःचे चित्रण माझ्याबरोबर बसून पाहायला लावतो. एकदा एक मुलगा अतिशय संतापून आला होता. एका मोटारीने अचानक समोर घुसून त्याला करकचून ब्रेक मारायला लावला होता. आम्ही चित्रण त्या क्षणाच्या थोडे मागे नेऊन पाहिले. मोटारीचा इंडिकेटर बराच वेळ चालू होता. समोरच्या ट्रकचे मागचे चाक पुलाच्या सावलीवरून गेले तेव्हा आम्ही सेकंद मोजायला सुरुवात केली, आणि दोन म्हणण्याच्या आतच त्याची स्वतःची गाडी त्या सावलीत शिरली होती. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते आणि ट्रकच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये पेडल दाबल्यापासून ब्रेक पकडेपर्यंत साधारण अर्धा सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ११ मीटर संपतात. चालकाला भान येण्यात गेलेला वेळ त्यात धरलेलाच नाही. मोटारीची चूक होतीच, पण अंतर त्यानेच इतके कमी ठेवले होते की ती चूक सावरायला जागाच उरली नव्हती. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, ‘पुन्हा एकदा लावा.’ माझ्या दहा वेळा सांगण्याने जे झाले नव्हते ते त्या काही सेकंदांनी केले.

चित्रण पाहताना एक काळजी मात्र घ्यावी. डॅशकॅमचे भिंग रुंद कोनाचे असल्यामुळे समोरची गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून अंतर नजरेने न ठरवता वरीलप्रमाणे सेकंदांत मोजावे.

खरेदीच्या वेळी पहिली गोष्ट विचारावी ती विजेची. बहुतेक अवजड ट्रकची वीजव्यवस्था २४ व्होल्टची असते आणि फक्त मोटारीसाठी, म्हणजे १२ व्होल्टसाठी, बनवलेले उपकरण तिला जोडले तर ते जळू शकते. उन्हात उभ्या राहणाऱ्या केबिनमध्ये कॅमेऱ्यातील लिथियम बॅटरी फुगण्याची भीती असते, त्यामुळे बॅटरीऐवजी कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, असलेला कॅमेरा घेणे शहाणपणाचे ठरते. तो वायपर जेथवर काच पुसतो त्या भागात, पण आपल्या नजरेआड काहीही येणार नाही असा बसवावा आणि गाडी चालवताना त्याचा पडदा बंद ठेवावा. तारीख व वेळ बरोबर लावून घ्यावी, कारण चुकीची वेळ दाखवणाऱ्या चित्रणावर शंका घेणे समोरच्याला फार सोपे जाते.

कायदा देशागणिक वेगळा आहे आणि आपल्या मार्गावरील नियम आधी पाहून घ्यावेत. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने मे २०१८ मध्ये असा निकाल दिला, की रस्त्याचे विनाकारण सतत चित्रण करणे माहिती-संरक्षणाच्या कायद्यात बसत नाही, तरीही अपघाताच्या दिवाणी दाव्यात असे चित्रण पुरावा म्हणून विचारात घेता येते. चित्रण जवळ असणे आणि ते समाजमाध्यमांवर टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कधीच करू नये. आणि अपघातात चूक आपली असली, तरी चित्रण पुसण्याचा विचारही मनात आणू नये, कारण चुकीला क्षमा मिळू शकते, पुरावा नष्ट करणाऱ्यावर मात्र पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : आमच्या मालकांनी केबिनमध्ये चालकाकडे तोंड केलेला कॅमेरा लावला आहे. नवीन असल्यामुळे मला नाही म्हणता येत नाही. काय करावे?

उत्तर : आपला संकोच रास्त आहे. डुलकी किंवा फोनकडे गेलेले लक्ष अशा कॅमेऱ्याने टिपता येते, हा त्याचा खरा उपयोग आहे. परंतु ज्या केबिनमध्ये माणूस गाडी चालवतो त्याच केबिनमध्ये तो झोपतो आणि घरच्यांशी बोलतोही. आवाज नोंदला जातो का, गाडी उभी असताना कॅमेरा बंद होतो का आणि चित्रण कोण पाहते, एवढे तीन प्रश्न मालकांना नम्रपणे विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे. विश्रांतीच्या वेळी तो बंद असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कॅमेरा चालू असूनही मला हव्या त्या वेळचे चित्रण सापडले नाही. असे का होते?

उत्तर : मेमरी कार्डावरची जागा संपली, की कॅमेरा सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण करतो. नेहमीच्या फुल एचडी दर्जाला तासाला साधारण ६ ते ७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड नऊ-दहा तासांत भरते. जोराचा धक्का बसल्यास तेवढा भाग आपोआप राखला जातो. पण हलक्या घासटीचा धक्का भरलेल्या ट्रकला जाणवतोच असे नाही, म्हणून काही घडले की बटण दाबून चित्रण राखावे, आणि शक्य तितक्या लवकर कार्ड काढून ठेवावे. सतत लिहिले जाण्याने कार्ड झिजते, तेव्हा जास्त टिकाऊ म्हणून विकले जाणारे कार्ड घ्यावे. हा धडा मला महाग पडला. एका फाटकापाशी माझ्या गाडीला मागून धडक बसली तेव्हा मी मोठ्या विश्वासाने कार्ड काढून दिले, आणि त्यावरचे शेवटचे चित्रण सतरा दिवसांपूर्वीचे निघाले. कॅमेऱ्यावरचा बिघाड दाखवणारा लाल दिवा तेवढे दिवस लुकलुकत होता आणि माझ्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती. तेव्हापासून सकाळी टायरची हवा आणि ब्रेकची हवा पाहून झाली, की शेवटच्या चित्रणाची तारीख पाहिल्याशिवाय मी चावी फिरवत नाही.