पीईएम इलेक्ट्रोलायझरला (प्रोटॉन वाहणाऱ्या पडद्याच्या दोन बाजूंना विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढणाऱ्या यंत्राला) नळाचं पाणी दिल्यावर व्होल्टेज चढलं. पडदा गेला का?

बहुतेक वेळा गेलेला नसतो, पण सेल लगेच बंद करा. नाफिऑन या पॉलिमरच्या पडद्यात सल्फोनिक आम्लाचे गट असतात आणि त्यांच्या आधाराने प्रोटॉन पुढे सरकतात. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम नेमक्या त्याच जागा अडवतात. रोध वाढतो, म्हणून तेवढ्याच विद्युतप्रवाहाला जास्त व्होल्टेज लागतं.

उपाय सोपा आहे. पडदा ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात ८० अंश सेल्सिअसवर १ तास ठेवा, मग तितकाच वेळ गरम डीआयोनाइज्ड (आयन काढलेल्या) पाण्यात, पाणी दोनतीनदा बदलून. आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही; चष्मा आणि हातमोजे हवेतच.

नवा पडदा आधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळतात, ती पायरी इथे टाळा. पडद्यात लोह शिरलं असेल तर पेरॉक्साइडपासून मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे अतिक्रियाशील कण) तयार होतात आणि पॉलिमरची साखळीच कुरतडतात. ते नुकसान भरून येत नाही. पाण्याच्या वाटेत गंजणारं लोखंड नको ते याचसाठी. पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनच्या नळ्या लावा.

पुढे पाण्याची रोधकता किमान १ मेगाओहम-सेंटिमीटर ठेवा, १८ मिळाली तर उत्तम. आवळलेल्या सेलमध्ये पडदा वाळू देऊ नका. ओला असताना तो लांबी-रुंदीला साधारण १० टक्के फुगलेला असतो. सुकताना आकसतो आणि गॅस्केटच्या कडेला फाटतो.

धुतल्यावरही ऑक्सिजनच्या बाजूला हायड्रोजन वाढतच असेल तर पडद्याला भोक पडलंय. हायड्रोजन ४ टक्के झाल्यापासून ते मिश्रण पेट घेऊ शकतं, तेव्हा पडदा बदलाच.