हंगामाचा पहिला दिवस : बेसबॉलप्रेमींचे प्रश्न

मार्च संपत आला की मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, हंगाम उघडतो आणि ‘ओपनिंग डे’ला पहिल्यांदाच मैदानावर निघालेल्यांची पत्रं येऊ लागतात. त्यांतले हे काही प्रश्न.

प्रश्न : तिकिटावर दुपारी १.१० अशी वेळ आहे. अर्धा तास आधी पोचलं तर पुरे ना?

एरवी पुरे, त्या दिवशी नाही. रोजच्या सामन्याला सुरुवातीच्या खेळाडूंची नावं पुकारतात आणि खेळ सुरू होतो. ओपनिंग डेला दोन्ही संघांचे सव्वीसच्या सव्वीस खेळाडू आणि प्रशिक्षक, काही ठिकाणी तर सामान सांभाळणारे कर्मचारीसुद्धा, एकेक करून धावत येतात आणि फाउल लाइनवर (मैदानाच्या कडेच्या रेघेवर) ओळीनं उभे राहतात. मग राष्ट्रगीत, पुष्कळदा डोक्यावरून विमानं, आणि पाहुण्याच्या हातून पहिला चेंडू. (राष्ट्राध्यक्षांनी तो टाकायची प्रथा टाफ्ट यांनी १४ एप्रिल १९१० रोजी वॉशिंग्टनमध्ये पाडली.) हे सगळं आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. तुम्ही ते रांगेत उभं राहून भोंग्यावरून ऐकाल. त्या दिवसाचं खरं वेगळेपण याच तासात आहे. पुढचा सामना बाकीच्या एकशे एकसष्ट सामन्यांसारखाच. म्हणून दरवाजे उघडण्याची वेळ बघून ठेवा आणि तेव्हाच हजर व्हा.

रांग तुंबते ती बहुधा दोन कारणांनी. पहिलं म्हणजे पिशवी. पुष्कळ मैदानांवर १६ × १६ × ८ इंचांची मर्यादा असते, काही ठिकाणी पाठीवरची सॅक अजिबात चालत नाही. नियम प्रत्येक मैदानाचा वेगळा, तो आदल्या दिवशी वाचा. सगळ्यात उत्तम म्हणजे पिशवीच नेऊ नका.

दुसरं कारण फोन. तिकीट अ‍ॅपमध्ये असतं आणि दरवाजाशी हजारो माणसं एकाच वेळी नेटवर्क ओढत असतात, त्यामुळे पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. तिकीट घरीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, तो बऱ्याच ठिकाणी नाकारला जातो. चौघांची तिकिटं एकाच फोनवर असतील आणि एक जण मागून येणार असेल, तर त्याचं तिकीट त्याला आधीच पाठवून द्या.

प्रश्न : उत्तरेकडच्या शहरात सामना आहे. थंडीची तयारी किती करायची?

घरातून निघताना वाटेल त्याहून बरीच जास्त. ४५ अंश फॅरनहाइटमध्ये (सुमारे ७ अंश सेल्सिअस) चालताना काही वाटत नाही, पण इथे अडीच-तीन तास बसून काढायचे असतात. गारठा आधी पायांतून चढतो, कारण खाली काँक्रीट असतं. जाड पुठ्ठ्याचा तुकडा पायांखाली घेतला की आश्चर्य वाटावं इतका फरक पडतो. मोज्यांचे दोन जोड घालणार असाल तर बूट सैल हवेत. घट्ट बुटात हवेचा थर राहत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. बसायला फोमची घडीची गादी, अंगात एका जाड कोटाऐवजी तीन पातळ थर, आणि सर्वांत वर वारा अडवणारा. बिअरनं ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि शरीरातली उष्णता तिथूनच निसटते.

जागा निवडताना उन्हाचा विचार करा. नियमपुस्तकाच्या शिफारशीनुसार होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) समोरच्या सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. तसं मैदान असेल तर दुपारच्या सामन्यात सूर्य फर्स्ट बेसच्या आणि होम प्लेटच्या प्रेक्षकांच्या पाठीमागे येतो आणि वरच्या मजल्याची सावली त्यांच्यावर पडते. जुलैत या जागा सोन्याच्या, मार्चमध्ये गारेगार. थर्ड बेसच्या बाजूला किंवा आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या लांबच्या भागाकडे) ऊन मिळतं. मात्र सगळी मैदानं ही शिफारस पाळत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी नकाशावर दिशा बघा.

प्रश्न : पाऊस आला तर पैसे बुडतात का?

सहसा नाही. सामना पुढे ढकलला तर तेच तिकीट नव्या तारखेला चालतं. नेमका नियम क्लबच्या पानावर असतो. घरच्या पहिल्या सामन्यानंतरचा दिवस पुष्कळदा मुद्दाम मोकळा ठेवतात तो याचसाठी, म्हणून तोही दिवस हाताशी ठेवा. एकदा पाच इनिंग झाल्या (दोन्ही संघांची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग; यजमान पुढे असतील तर साडेचार) की सामना अधिकृत, म्हणजे झालेला, धरला जातो. छत्रीनं मागच्याचा खेळ झाकला जातो. रेनकोट घ्या.

प्रश्न : स्कोअरकार्ड भरायला शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

प्रत्येक जागेला क्रमांक असतो : पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे तो झेलणारा) २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला) ६, मग आउटफिल्डमध्ये डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर बाद झाला, तर त्याच्या चौकटीत ६-३. शॉर्टस्टॉप, सेकंड, फर्स्ट असा दुहेरी बाद म्हणजे ६-४-३. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद) इंग्रजी ‘के’. बॅट न फिरवता नुसतं बघत बाद झाला तर तेच अक्षर उलटं.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. एकाच इनिंगमध्ये नऊही बॅटर येऊन गेले की पुढची नोंद शेजारच्या रकान्यात सरकते. तेव्हा रकान्यांवरचे इनिंगचे आकडे लगेच बदला, नाहीतर पुढचं सगळं चुकत जातं. आणि बदली खेळाडू आला की त्या चौकटीच्या कडेला उभी जाड रेघ मारा. २०२३ पासून पिचरवर घड्याळ आहे, तेवढ्या वेळात त्यानं पुढचा चेंडू टाकायचा : बेस रिकामे असताना १५ सेकंद, कोणी बेसवर असेल तर २०, आणि २०२४ पासून १८. एवढ्यात लिहून मान वर काढायची असते. पेन्सिल घ्या, खोडरबर हवंच.

प्रश्न : पहिल्या दिवशी चांगले मारलेले चेंडू कुंपणाच्या अलीकडेच का पडतात?

थंड हवा दाट असते. तापमान १० अंश फॅरनहाइटनं उतरलं की ४०० फुटांचा फटका ढोबळमानानं तीन-चार फूट आखूड पडतो. ८० अंशांत कुंपण ओलांडणारा चेंडू ४५ अंशांत फील्डरच्या हातात विसावतो तो यामुळे.

प्रश्न : पहिल्याच दिवशी कोणी खेळाडू तळपला तर त्यावरून हंगामाचा अंदाज बांधावा का?

बांधू नये. ४ एप्रिल १९९४ रोजी शिकागो कब्सच्या टफी ऱ्होड्सनं रिगली फील्डवर पहिल्या तिन्ही खेपांना होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे) मारले, तेही ड्वाइट गुडनसारख्या पिचरला. कब्स तो सामना हरले, आणि त्या अख्ख्या हंगामात ऱ्होड्सचे होमरन झाले एकूण आठ. पुढे तो जपानला गेला आणि २००१ मध्ये एकाच हंगामात ५५ होमरन मारून त्यानं तिथल्या सादाहारू ओ यांच्या हंगामी होमरनच्या विक्रमाची बरोबरी केली.