ऊसतोड मजुरांच्या मुलांचा सर्वे: यादी कुठून घ्यायची, मुलं किती?

तुम्ही विचारलंय, बीडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांच्या शाळेवर पीएच.डी.साठी सर्वे करायचाय. 400 मुलं पुरतील का, आणि ती शाळेच्या पटावरून घेऊ की कारखान्याच्या अड्ड्यावरून (मजुरांच्या खोप्यांच्या तळावरून)?

दोन्हीकडून नको. पटावर नाव असतं, पोर उसाच्या फडात असतं. अड्ड्यावर फक्त गेलेली मुलं भेटतात; आजीपाशी मागे राहिलेली भेटत नाहीत, मग तुलना कशाशी करणार? तिथेही बैलगाडीवाल्या गाडीवानांच्या खोप्याच जास्त सापडतात. डोकी सेंटरची (डोक्यावरून मोळ्या वाहणारी) टोळी फडाफडाने हलते आणि नमुन्यातून गळते. यादी गावात करा, दसऱ्याआधी, घरोघर: 6 ते 14 वर्षांचं प्रत्येक मूल, यंदा जाणार की राहणार. मुकादमाच्या (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या) यादीत कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, मोजलेले असतात, पोरं नाहीत.

400 हा आकडा साध्या यादृच्छिक नमुन्याचा (95 टक्के विश्वासपातळी, 5 टक्के चूक, नेमके 385). तुम्ही आधी गावं निवडणार, मग मुलं. गावात 20 मुलं आणि गावांतर्गत सहसंबंध (एका गावातली मुलं एकमेकांसारखी किती) 0.05 धरला, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना जितक्या पटीने वाढवायचा तो आकडा, 1 + 19 × 0.05 = 1.95, म्हणजे 751 मुलं. परतल्यावर पाचातलं एक सापडणार नाही असं धरा: 939. म्हणजे 47 गावं. एकट्याने झेपणार नाही; गावं कमी करा, पण मग चुकीची मर्यादा किती वाढली ते प्रबंधात लिहा.

प्रश्नावलीत ‘शाळेत जातो का?’ विचारू नका, उत्तर ‘जातो’ हेच येतं. सणांची पट्टी करा: गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी, पाडवा. दर दोन सणांच्या मधे मूल कुठे झोपत होतं, कुठल्या शाळेत बसत होतं, एवढंच नोंदवा. इंग्रजी महिने विचारले की अंदाज येतात. जन्मतारखांत 1 जूनची गर्दी दिसली तर वय इयत्तेवरून आणि भावंडांच्या अंतरावरून पडताळा.

वाचनाची चाचणी दोनदा घ्या, जाण्याआधी आणि पट्टा पडून (हंगाम संपून) परतल्यावर. उतारा वेगळा, काठिण्य तेच. गेलेल्या आणि राहिलेल्या अशा दोन्ही गटांतल्या बदलांची तुलना करा, प्रमाणत्रुटी गावनिहाय क्लस्टर करून (एका गावातली मुलं एक गट धरून). पण कोण जाणार हे योगायोगाने ठरत नाही: दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळायला नेली जाते. म्हणून सर्वांत लहान भावंडाचं वय, घरी आजी-आजोबा आहेत का आणि उचल (मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम) किती, हे रकाने हवेतच. उचलीचा आकडा मुकादम शेजारी बसलेला असताना विचारू नका.